सही कुणाची, हरकत कुणाची? अमेरिकेतल्या प्रायमरी आणि उमेदवारी अर्जांवरचे वाद

आजचा विषय कोर्टकचेरीचा वाटेल, पण तो मुळात ज्ञानमीमांसेचा आहे. एखादी गोष्ट खरी आहे हे आपण केव्हा मानायचं, आणि ती खोटी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कुणाची, हा तो प्रश्न. तेव्हा तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने त्यावर बोलायला हरकत नसावी. हा ‘हरकत’ शब्द आज वारंवार येणार आहे.

आधी पार्श्वभूमी सांगतो. आपल्याकडे तिकीट पक्ष देतो. अमेरिकेत बहुतेक पदांसाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे त्या पक्षाचे मतदार एका निवडणुकीने ठरवतात. ती प्रायमरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्षातल्या बड्या धेंडांच्या हातून उमेदवारी काढून घ्यावी म्हणून ही पद्धत आली. विस्कॉन्सिन राज्याने १९०४ मध्ये ती राज्यभरासाठी स्वीकारली आणि मग ती पसरली.

आता प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव कुणाचं छापायचं? एकोणिसाव्या शतकात हा प्रश्नच नव्हता, कारण मतपत्रिका सरकार छापतच नव्हतं. पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापायचे, मतदार त्या पेटीत टाकायचा. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने सरकारी, गुप्त मतपत्रिका आणली, इतर राज्यांनी तिचं अनुकरण केलं. छापखाना सरकारकडे आला त्या दिवसापासून नाव छापायचं की नाही हा अधिकारही सरकारकडे आला. अधिकार आला की नियम येतात, आणि नियम आले की वकील येतात.

बऱ्याच राज्यांनी नियम केला तो असा: उमेदवाराने आपल्या मतदारसंघातल्या ठरावीक संख्येच्या मतदारांच्या सह्या आणाव्यात. या सह्यांच्या कागदांना तिकडे ‘नॉमिनेटिंग पिटिशन’ म्हणतात. आपण सह्यांचा अर्ज म्हणू. कुठे हजार सह्या लागतात, कुठे पंधरा हजार. त्यामागचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या जेनेस विरुद्ध फोर्टसन या खटल्यात मान्य केला. त्याचा आशय असा, की मतपत्रिकेवर नाव येण्याआधी उमेदवाराला किमान काही लक्षणीय पाठिंबा आहे एवढं त्याने दाखवावं, अशी अपेक्षा राज्य ठेवू शकतं. हौशे-नवशे-गवशे सगळेच आले तर मतपत्रिका म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी होईल.

सही म्हणजे नेमकं काय?

सही म्हणजे मत नव्हे. पुष्कळ लोक दारात आलेल्या कार्यकर्त्याला सही देतात, आणि मत भलत्यालाच देतात. त्यात अप्रामाणिक काही नाही. त्या सहीचा अर्थ इतकाच, की “मी इथला मतदार आहे, आणि हे नाव मतपत्रिकेवर यावं असं मला वाटतं.” म्हणजे सहीत दोन विधानं असतात. एक स्वतःबद्दलचं आणि एक इच्छेचं. पहिलं मतदारयादीवरून पडताळता येतं. दुसऱ्याला त्या माणसाशिवाय दुसरा साक्षीदार नाही.

सह्यांचा गठ्ठा अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो तेव्हा त्याने काय समजायचं? या सह्या खऱ्या आहेत असं धरून चालायचं, की सिद्ध होईपर्यंत खोट्या?

आपल्या दर्शनांमध्ये यावर मोठा वाद झालेला आहे. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचं प्रामाण्य ‘परतः’ असतं. ज्ञान झालं म्हणून ते खरं ठरत नाही, ते बाहेरून तपासून खरं ठरवावं लागतं. मीमांसक म्हणतात, प्रामाण्य ‘स्वतः’ असतं. झालेलं ज्ञान खरंच धरायचं, जोपर्यंत ते खोडून काढणारं काही समोर येत नाही तोपर्यंत. कुमारिल भट्टांच्या मते खोडून काढणाऱ्या गोष्टी दोनच प्रकारच्या. एक, बाधक ज्ञान: शिंपल्याच्या जागी चांदी दिसली, जवळ जाऊन पाहिलं तर शिंपला निघाला. दोन, कारणदोषाचं ज्ञान: वस्तू अजून तपासली नाही, पण बघणाऱ्याला कावीळ झालीय हे कळलं. मग त्याला दिसणाऱ्या पिवळेपणावर विश्वास ठेवायचा नाही.

एवढी शिदोरी बरोबर घेऊन आपण शिकागोला जाऊ.

शिकागो, १९९६

इलिनॉय राज्याचा कायदा या बाबतीत मीमांसकांचा आहे. अर्ज वरवर पाहता नियमाप्रमाणे दिसत असेल तर तो वैधच धरला जातो. कुणी लेखी हरकत घेतली तरच सह्या तपासायच्या. हरकतीला मुदत फार थोडी, आजच्या कायद्यानुसार अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस उलटल्यावर पाच कामकाजाचे दिवस. हरकत घेणारा त्या मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे.

१९९५ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागातल्या राज्य सिनेटर अ‍ॅलिस पामर यांनी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, एक पोटनिवडणूक लढवायची ठरवली. आपल्या जागेवर त्यांनी एका तरुण वकिलाला पाठिंबा दिला. त्याचं नाव बराक ओबामा. पोटनिवडणुकीच्या प्रायमरीत पामरबाई हरल्या आणि त्यांनी जुनी जागाच पुन्हा लढवायचं ठरवलं. ओबामा मागे हटायला तयार नव्हते. वेळ थोडा होता. बाईंनी घाईघाईने १,५८० सह्या जमवून अर्ज भरला. लागत होत्या ७५७. म्हणजे दुपटीहून जास्त.

ओबामांच्या बाजूने चारही प्रतिस्पर्ध्यांच्या अर्जांवर हरकती घेण्यात आल्या. मग ओळीओळीने तपासणी. ही तपासणी कशी चालते पाहा. निवडणूक कार्यालयाचा कर्मचारी मतदारनोंदी घेऊन बसतो, दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी त्याच्या खांद्यावरून बघत असतात. अमुक कागद, अमुक ओळ. या पत्त्यावर हा मतदार नोंदलेला आहे का? मतदारसंघाच्या हद्दीत आहे का? नोंदणीच्या वेळची सही आणि ही सही जुळते का? याच माणसाने दोनदा सही केली आहे का? प्रत्येक ओळीवर तिथल्या तिथे निर्णय, हरकत मान्य किंवा अमान्य. असं दिवसच्या दिवस.

निकाल काय लागला? घा-इस आस्किया यांनी १,८९९ सह्या दिल्या होत्या, त्यांना ६९ कमी पडल्या. मार्क युअल यांनी १,२८६ दिल्या होत्या, त्यांना ८६ कमी पडल्या. आपला अर्ज टिकत नाही हे दिसल्यावर पामरबाईंनी माघार घेतली. चौथेही गेले. मार्च १९९६ च्या प्रायमरीत मतपत्रिकेवर एकच नाव उरलं, आणि पुढे अमेरिकेच्या अध्यक्षपदापर्यंत गेलेल्या माणसाची पहिली निवडणूक स्पर्धेविनाच पार पडली.

या प्रसंगाबद्दल बोलताना लोक एकतर “बघा, केवढा धूर्त!” म्हणतात, नाहीतर “नियम म्हणजे नियम!” म्हणतात. मला या दोन्हीपेक्षा तिसऱ्या गोष्टीत रस आहे: त्या बाद झालेल्या सह्या कशा बाद झाल्या?

काही सह्या उघड चुकीच्या होत्या. सही करणारा मतदारसंघाबाहेरचा. हे बाधक ज्ञान झालं. पहिलं विधान, ‘मी इथला मतदार आहे’, तेच खोटं निघालं. तक्रार नाही. पण काही सह्या अशा होत्या की माणसाने सही वळणदार अक्षरात न करता सुटी छापील अक्षरं काढली होती, म्हणून ती नोंदीशी जुळली नाही. आणखी काही जणांची नावं नुकतीच यादीच्या साफसफाईत वगळली गेली होती. युअल यांनी फेडरल न्यायालयात हेच म्हणायचा प्रयत्न केला, पण तो दावा टिकला नाही.

आता विचार करा. एक बाई त्या भागात राहते, तिने दारात उभं राहून स्वतःच्या हाताने सही केली. तिची इच्छा खरी. महिन्यानंतर एका कार्यालयात तिची ओळ खोडली गेली, कारण तिने छापील अक्षरं काढली. तिला हे कळलंसुद्धा नाही. या ठिकाणी बाधित काय झालं? तिचं म्हणणं खोटं ठरलं का? नाही. तिचं अक्षर नापास झालं.

मिशिगन, २०२२

आता याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण घेऊ. मिशिगन राज्यात २०२२ मध्ये गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीला दहा उमेदवारांनी अर्ज भरले. प्रत्येकाला किमान १५,००० वैध सह्या हव्या होत्या. तिथे राज्याचं निवडणूक कार्यालय स्वतःही अर्ज तपासतं. मे महिन्यात त्याचा अहवाल आला आणि एकच खळबळ उडाली. पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्या ३६ जणांनी वेगवेगळ्या अर्जांमध्ये मिळून किमान ६८,००० बनावट सह्या घुसवल्या होत्या.

ही बनावटगिरी कशी ओळखली, ते ऐकण्यासारखं आहे. दारोदार फिरलेला कागद चुरगळतो, घामाचे डाग पडतात, पेनं बदलतात, कुणी ओळ सोडून सही करतो. हे कागद कोरे करकरीत होते. पानामागून पान एकाच हाताचं वळण. मेलेल्या मतदारांची नावं. जुने, सोडून दिलेले पत्ते, जणू कुणीतरी जुनी यादी समोर ठेवून उतरवून काढलेत. तिकडच्या भाषेत याला ‘राउंड टेबल’ म्हणतात. टोळकं टेबलाभोवती बसतं, कागद गोल फिरवतं, प्रत्येकजण एकेक ओळ भरतो, म्हणजे अक्षर वेगवेगळं दिसतं.

डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग शर्यतीत पुढे मानले जात. त्यांनी २१,३०५ सह्या दिल्या होत्या, वैध निघाल्या १०,१९२. उद्योजक पेरी जॉन्सन यांनी २३,१९३ दिल्या, वैध निघाल्या १३,८००. दहापैकी पाच उमेदवार बाद. कार्यालयाने हेही स्पष्ट केलं, की उमेदवारांना हे ठाऊक होतं असं मानायला आधार नाही. म्हणजे फसवले गेले ते उमेदवारही.

जॉन्सन न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा ताकदीचा होता. कार्यालयाने त्या ३६ जणांच्या कागदांवरची प्रत्येक सही मूळ नोंदीशी ताडून पाहिलेली नाही. नमुन्यादाखल सुमारे ७,००० पाहिल्या आणि बाकीच्या सरसकट बाद केल्या. त्यात एखादी खरी असेल तर? आता कुमारिलांची दुसरी वाट आठवा. इथे बाधक ज्ञान प्रत्येक ओळीचं नाही. इथे कारणदोषाचं ज्ञान आहे. सही आपल्यापर्यंत आणणाऱ्यालाच कावीळ आहे, हे कळलं. मग त्याने आणलेली हजारावी सही मी वेगळी का तपासू? राज्याच्या न्यायालयांनी जॉन्सन यांना दिलासा दिला नाही, आणि मला वाटतं तर्काच्या बाजूने ते योग्यच होतं.

पण निर्णय कसा झाला तेही पाहा. ज्या मंडळाने अर्ज मंजूर करायचे त्यात दोन रिपब्लिकन, दोन डेमोक्रॅट. मतं पडली दोन विरुद्ध दोन. बरोबरी. आणि बरोबरी झाली तर अर्ज मंजूर झाला नाही असा त्याचा अर्थ. म्हणजे शंका ३६ जणांच्या कागदांवर इतकी पक्की होती, तरी शेवटचं पाऊल नियमाच्या एका योगायोगाने पडलं.

वेळ टळून गेल्यावर

तिसरं उदाहरण व्हर्जिनियाचं. २०१२ च्या अध्यक्षीय प्रायमरीसाठी तिथे १०,००० सह्या हव्या होत्या, त्यातही राज्याच्या अकरा मतदारसंघांपैकी प्रत्येकातून किमान ४००. रिपब्लिकन पक्षाचे फक्त दोनच उमेदवार पात्र ठरले, मिट रॉम्नी आणि रॉन पॉल. न्यूट गिंग्रिच तेव्हा व्हर्जिनियातच राहत होते, त्यांनाही जमलं नाही. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी न्यायालयात गेले, मागून गिंग्रिच आणि इतर सामील झाले. त्यांची तक्रार एका नियमाविरुद्ध होती: सह्या गोळा करणारा माणूस व्हर्जिनियाचाच रहिवासी हवा. बाहेरच्या कार्यकर्त्याने दार वाजवलं तर लोकशाहीला काय धोका, असा त्यांचा सवाल.

जिल्हा न्यायाधीश जॉन गिब्नी यांनी जानेवारी २०१२ मध्ये काय म्हटलं? हा नियम घटनेच्या कसोटीवर बहुधा टिकणार नाही, पण तुम्ही उशिरा आलात. नियम आधीपासून माहीत होता, सह्या गोळा करण्यापूर्वी यायला हवं होतं. मतपत्रिका छापायची वेळ आली, आता खेळ मध्येच थांबवता येणार नाही. वरच्या न्यायालयानेही हेच धरलं. नियम चुकीचा असू शकतो आणि तरीही तुम्ही बाहेर, असा हा निकाल.

विद्यार्थ्यांना हे ऐकून राग येतो. मी त्यांना एवढंच सांगतो, की निवडणूक ही गाडी सुटणाऱ्या फलाटावरची गोष्ट आहे. लष्करात आणि परदेशात असलेल्या मतदारांना फेडरल निवडणुकीच्या मतपत्रिका ४५ दिवस आधी पाठवाव्या लागतात. त्याआधी छपाई, त्याआधी नावांची निश्चिती, त्याआधी हरकती, अपिलं. सगळं मिळून काही आठवडे. सत्य शोधायला वेळ लागतो आणि निवडणुकीला तारीख असते, ही या विषयातली कायमची अडचण आहे.

आपण भारतात ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मद्रास प्रांतातल्या नामक्कल मतदारसंघात पोन्नुस्वामी यांचा अर्ज छाननीत बाद झाला. ते न्यायालयात गेले. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घटनेच्या कलम ३२९ नुसार निवडणूक चालू असताना मध्ये पडायचं नाही. निकाल लागू दे, मग निवडणूक याचिका करा. आपल्या कायद्यात अर्ज चुकीने बाद झाला असं सिद्ध झालं तर निवडून आलेल्याची सगळी निवडणूकच रद्द होते. म्हणजे अमेरिकेत भांडण मतदानाआधी, घाईत. आपल्याकडे मतदानानंतर, निवांत. कधी कधी फारच निवांत. लोकसभेची मुदत संपत आली तरी खटला चालूच. दोन्हीकडे काहीतरी गमवावं लागतं. मात्र आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक वाक्य फार शहाणपणाचं आहे. कलम ३६ म्हणतं, की जो दोष मूलगामी स्वरूपाचा नाही त्याच्यासाठी अर्ज बाद करू नये. अक्षराच्या वळणावरून सही खोडणाऱ्या पद्धतीला हे वाक्य शिकवण्यासारखं आहे.

मग प्रश्न कुठे आहे?

आता मला जे म्हणायचं आहे त्याकडे येतो. इलिनॉयमध्ये हरकत घेणारा मतदार असावा लागतो, असं मी सांगितलं. कायद्याची कल्पना काय, तर हरकत हा मतदाराचा हक्क आहे. माझ्या मतपत्रिकेवर खोटेपणाने कुणी येऊ नये, यासाठी मी उठून बोलतो. प्रत्यक्षात त्या मतदारामागे जवळजवळ नेहमी प्रतिस्पर्धी उमेदवार आणि त्याचा वकील असतो. त्यात मला नैतिक धक्का वगैरे बसत नाही. हेतू स्वार्थी असला म्हणून हरकत खोटी ठरत नाही. शेजाऱ्याने वैरापोटी सांगितलं की तुमच्या घराला आग लागलीय, तरी आग आगच असते.

घोटाळा दुसरीकडे आहे. जिथे राज्य स्वतः तपासत नाही आणि हरकतीशिवाय कुणी बघतच नाही, तिथे तपासणी कुणाची होईल हे प्रतिस्पर्ध्याची ताकद ठरवते. ज्याच्याविरुद्ध पैसेवाला प्रतिस्पर्धी उभा, त्याची ओळ न् ओळ भिंगाखाली. ज्याच्याविरुद्ध कुणी नाही, त्याचे अर्धे कागद खोटे असले तरी तो सुखाने मतपत्रिकेवर. स्वतःप्रामाण्याचं तत्त्व चांगलं आहे, पण कुमारिलांनी असं कुठे म्हटलं नव्हतं की शिंपला जवळून बघण्याचा अधिकार फक्त चांदीच्या दुसऱ्या व्यापाऱ्याला असावा.

आणि यातून सगळ्यात जास्त हरवतो तो सही करणारा. हरकत त्याच्या सहीवर, वाद दोन वकिलांमध्ये, आणि तो घरी. इलिनॉयसारख्या ठिकाणी उमेदवाराला अशी सोय असते, की बाद ठरलेल्या मतदाराकडे परत जाऊन “ही सही माझीच आहे” असं प्रतिज्ञापत्र आणावं. ही सोय मला सगळ्यात न्याय्य वाटते, कारण इच्छेच्या विधानाचा एकमेव साक्षीदार तिथे बोलतो. पण काही दिवसांत शेकडो दारं पुन्हा वाजवायला माणसं लागतात, आणि ती कुणाकडे असतात? ज्याच्याकडे आधीपासून पक्षयंत्रणा आहे त्याच्याकडे. ज्या धेंडांच्या हातून उमेदवारी काढण्यासाठी प्रायमरी आली, तीच मंडळी मागच्या दाराने परत येतात.

म्हणून माझ्या मते कुठल्याही हरकतीला तीन प्रश्न विचारावेत. दाखवलेला दोष सत्य झाकतो, की नुसता नियम मोडतो? राज्य सगळ्यांना एकच भिंग लावतंय का? आणि जिची ओळ खोडायची तिला विचारलं का? मिशिगनचा निर्णय पहिल्या दोन प्रश्नांवर उतरतो. तिसऱ्यावर उतरण्याची गरजच नव्हती, कारण विचारायला खरा माणूसच नव्हता. शिकागोच्या १९९६ च्या कित्येक ओळी तिसऱ्या प्रश्नावर अडतात.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील ते घेऊ.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: श्री ठाणेदारांच्या निवडणुकीतही असं काही झालं होतं ना?

हो, बरं झालं विचारलंत. बेळगावात वाढलेले ठाणेदार ‘ही श्रीची इच्छा’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांच्या ओळखीचे आहेत. ते डेट्रॉइट भागातून काँग्रेसवर निवडून गेले. २०२४ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत त्यांच्यासमोर अ‍ॅडम हॉलिअर हे माजी राज्य सिनेटर उभे होते. लागणाऱ्या सह्या १,०००. हॉलिअर यांनी दीड हजारांहून जास्त दिल्या. ठाणेदारांच्या बाजूने हरकत घेतली गेली, तपासणीत वैध सह्या हजारांच्या आत आल्या, आणि काउंटीच्या अधिकाऱ्यांनी अर्ज बाद केला. प्रायमरी ठाणेदारांनी जिंकली. माझ्या तीन प्रश्नांनी पाहिलं तर, तिथे बनावट सह्यांचा आरोप होता, अक्षराच्या वळणाचा नव्हता. तेव्हा हरकत रास्त होती असं मी म्हणेन. पण दोन वर्षांपूर्वी ज्याच्याशी खरी लढत झाली होती तो प्रतिस्पर्धी मतदारांपुढे येऊच शकला नाही, ही त्या मतदारसंघाने मोजलेली किंमतही मान्य केली पाहिजे. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात.

प्रश्न: सह्यांचं एवढं झंझट कशाला? आपल्यासारखी अनामत रक्कम ठेवली तर?

अमेरिकेने तेही करून पाहिलं. टेक्सासमध्ये प्रायमरीसाठी भरमसाट शुल्क होतं. १९७२ मध्ये बुलक विरुद्ध कार्टर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या खटल्यात सांगितलं, की ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला दुसरा मार्ग दिलाच पाहिजे. पैसा हा पाठिंब्याचा पुरावा नाही, ऐपतीचा आहे. सही निदान दुसऱ्या माणसाकडे जायला भाग पाडते. आणि सह्या आपल्याकडेही आहेतच. अपक्षाला दहा सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक. सूचकाची सही किती महत्त्वाची ठरू शकते हे २०२४ मध्ये सुरतेला दिसलं. काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं, की सह्या आमच्या नाहीत. अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचे उमेदवार बिनविरोध निवडून आले. तिथे सही करणाऱ्यालाच विचारलं गेलं होतं. त्या सूचकांवर दबाव होता की नव्हता, हा वेगळा वाद, त्यात मी शिरत नाही. पण माझा तिसरा प्रश्न आवश्यक असला तरी पुरेसा नाही, हे त्यावरून कळतं. साक्षीदार बोलला पाहिजे, आणि तो मोकळेपणाने बोलू शकला पाहिजे.

प्रश्न: मग यावर तंत्रज्ञानाचा काही उपाय?

थोडाफार आहे. अ‍ॅरिझोनात मतदार संगणकावरून सही देऊ शकतो. तो नोंदलेला मतदार आहे की नाही हे सही करतानाच तपासलं जातं. म्हणजे शंका नंतर काढण्याऐवजी उगमाशीच मिटते. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रायमरीसाठी लागणाऱ्या सह्या निम्म्यावर आणल्या आणि इलेक्ट्रॉनिक सह्याही चालतील असं सांगितलं, कारण दारोदार फिरणं धोक्याचं झालं होतं. म्हणजे नियम वाकवता येतात, तुटत नाहीत. पण एक गोष्ट संगणक करणार नाही. दारात उभं राहून “तुम्ही कोण, कशासाठी उभे?” असं विचारणारी ती बाई आठवते ना? सहीमागचा तो दोन मिनिटांचा संवाद, तोच या सगळ्या प्रकारातला खरा लोकशाहीचा भाग आहे. तपासणी सोपी करताना तो जाऊ नये, एवढंच पाहायचं.